अंगठा कुठल्या महिन्यातला

धरमतरच्या खाडीकाठी मालूबायचं नाव काढायचं तर माणसं आधी आजूबाजूला बघायची. ती जवळपास असली तर तिला ऐकू जायचं, आणि ऐकू गेलं की उत्तर यायचं. पेणच्या तहसील कचेरीतला पट्टेवाला नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी सांगून ठेवायचा, "साहेब, खारेपाटातून एक बाई येते, हिरवं लुगडं, हातात नायलॉनची पिशवी. तिला बसायला खुर्ची द्या. नाहीतर ती उभ्यानं बोलते, आणि उभ्यानं बोलली की बाजारापर्यंत ऐकू जातं."

बाराव्या वर्षी मालू मिठागरात उतरली. नवरा सखा जेट्टीवर बार्जमधला माल उतरवायला जायचा. गडी मऊ, बायकोच्या वाटचं सगळं मऊपण त्यानंच घेतलेलं. चाळिशी जवळ आली तेव्हा साक्षरतेचा वर्ग गावात आला. मास्तरांना वाटलं, ही बाई सही शिकेल आणि जाईल. ही सही शिकली आणि मग बोर्ड, पावत्या, नोटिसा, भजी बांधून आलेला कागद असं दिसेल ते वाचत सुटली. दोन वर्षांत तिला कळलं, की आपल्याला आजवर ज्या कागदांनी घाबरवलं त्यातले निम्मे साधे अर्ज होते.

मग शेजारच्या शकूला नवऱ्यानं टाकलं. गावकीनं बसून निकाल दिला, 'बाईनं गप राहावं.' मालूनं शकूला हाताला धरून पेणच्या कोर्टात नेलं आणि पोटगी मिळवून दिली. गावकी चिडली. सहा महिने सखा-मालूचं घर वाळीत. दुकानदार काडेपेटी देईना, मीठ देईना. मालू ओट्यावर उभी राहून हसली, "मिठागरातल्या बाईला मीठ बंद करतात! अक्कल कुठं गहान ठेवली रं यांनी?" सहा महिन्यांनी गावकीच दमली. त्यानंतर ज्या बाईला जायला दार नसायचं ती मालूच्या दारात यायची. मालू काही कुठल्या संस्थेची नव्हती. तिच्याकडे रबरी शिक्का नव्हता. एक पिशवी होती आणि तिच्यात कायद्याची फाटकी पुस्तिका.

शहाण्णव सालच्या सप्टेंबरात, गणपती जाऊन चारच दिवस झाले होते, तेव्हा पुतळी आली.

पुतळी मूळची नेपाळातली. तिकडं तिचं नाव पुतली. गोविंदा ट्रक घेऊन उत्तरेला जायचा, तिकडच्या एका धाब्यावर ही भांडी घासायची. तिथून त्यानं तिला आणलं, निडीजवळच्या आपल्या गावात देवळासमोर हळद लावून लग्न केलं. सगळं गाव जेवलं. पुढं ट्रक सुटला, गोविंदा धरमतरच्या जेट्टीवर कामाला लागला, खोली घेतली, आणि पुतळी मालूच्याच टोळीत मिठागरात येऊ लागली. दिशा नावाची मुलगी बांधावर झोळीत. पाच वर्षांत पुतळी इथली बोली शिकली. अर्धी हिंदी, अर्धी आगरी, आणि शिव्या मात्र अस्सल खाडीच्या.

मेमध्ये गोविंदाला रोह्याच्या एका कंपनीत काम मिळालं. "मोसम संपू दे, मग ये," म्हणून तो पुढं गेला. जूनमध्ये ही पोरीला घेऊन रोह्याला गेली तर दार उघडलं ते अनितानं. नवी हळद, नवा चुडा. गोविंदानं मे महिन्यातच दुसरं लग्न लावलेलं. पुतळीनं जायचं कुठं? मागच्या खोलीत राहिली, धुणीभांडी करत. ऑगस्टमध्ये तिनं एकदा अनितासमोर म्हटलं, "मी बायको हाय, मोलकरीन नाय." गोविंदानं लाकडी पाटानं मारलं. उजव्या खांद्याचं हाड मोडलं. दवाखान्यात त्यानंच सांगितलं, जिन्यावरून पडली. बरी झाल्यावर घराबाहेर काढलं. तिला रोहा ठाऊक नव्हतं, नेपाळ लांब होतं. तिला एकच जागा ठाऊक होती.

"दिदी," ती मालूच्या ओट्यावर टेकली, पोर मांडीवर, "पोलीस बोलते, नवरा-बायकोचं घरात मिटवा."

मालूनं आधी भात वाढला. मग शिव्या घातल्या, पोलिसांना, गोविंदाला, आणि थोड्या पुतळीलाही. "जूनमध्येच यायला काय झालं होतं गो तुला? माझं घर काय खाडीत बुडालं होतं?"

दुसऱ्या दिवशी दोघी मोफत कायदा मदतीचा अर्ज घेऊन कचेरीत. कारकुनानं नाव लिहिलं, गाव विचारलं आणि पेन खाली ठेवलं.

"नेपाळची? मग इथं कसं होणार? रेशनकार्ड आहे? रहिवासी दाखला? हिनं दिल्लीला जायचं, तिकडं यांची वकिलात असते."

मालूनं पुस्तिका काढली. पान दुमडलेलंच होतं. "वाचा. कुनाला मदत मिळेल? 'स्त्री.' काय लिवलंय? स्त्री. पेनची स्त्री, पुन्याची स्त्री, असं कायबी लिवलेलं नाय. आता ही बाई हाय का बाप्या, येवढंच तुम्ही ठरवायचं. ठरत नसंल तर तुमच्या मॅडमला बोलवा."

मागच्या टेबलावरची मॅडम खुदकन हसली. अर्ज घेतला गेला.

वकील मिळाल्या ऋतुजाबाई. पेणच्या, तिशीच्या, लुनावरून फिरणाऱ्या. मालूची आणि त्यांची आधीच दोन-तीनदा भांडणं झालेली, म्हणजे ओळख चांगली होती. त्यांनी रोह्याच्या कोर्टात पोटगीचा अर्ज टाकला. गोविंदाला नोटीस गेली. आणि ऑक्टोबरच्या तारखेला गोविंदाच्या वकिलानं एक कागद दाखल केला.

स्टॅम्प पेपर. त्यावर फारकत. 'आम्ही उभयता राजीखुशीनं वेगळे होत आहोत, मी कसलीही पोटगी मागणार नाही, मुलगी दिशा हिचा ताबा बापाकडे राहील.' खाली पंच म्हणून गोविंदाच्या चुलत्याची, गुणाजीची सही. गुणाजी निडीपासून धरमतरपर्यंतच्या गावांच्या गावकीचा मोठा पंच. तारीख ९ एप्रिल १९९६. आणि पुतळीचा डावा अंगठा, निळा, ठसठशीत.

त्या एका कागदात सगळं होतं. एप्रिलमध्ये फारकत, म्हणजे मेमधलं दुसरं लग्न कायदेशीर. ऑगस्टची मारहाण ही नवऱ्यानं बायकोला केलेलीच नाही. पोटगी नाही. आणि दिशा त्यांची. कागद टिकला असता तर पुतळीला रोह्याच्या स्टँडवर एकटीला सोडून ते पोर घेऊन गेले असते, तेही कायद्यानं.

मालूचं डोकं फिरलं. कोर्टाच्या व्हरांड्यातच ती ओरडली, "खोटा अंगठा! कुनाचा तरी लावलाय! पाठवा पुन्याला तज्ज्ञाकडं, दूध का दूध होऊन जाऊ दे!"

गोविंदाचा वकील चष्मा पुसत म्हणाला, "जरूर पाठवू बाई. आम्हीच अर्ज देतो." आणि हसला.

ऋतुजाबाई म्हणाल्या, "पुढच्या तारखेला आपलं म्हणणं द्यायचंय. अंगठा नाकारू. बनावट आहे म्हणून लिहिते."

"लिवा," मालू म्हणाली.

एस.टी. नागोठण्याला थांबली तरी तिच्या डोक्यातून तो हसरा चष्मा जाईना. कोंबडी आपणहून सुरीकडं कशी जाते? चोराला तपासणीची घाई कशाला? पुतळी खिडकीशी, दिशा तिच्या कुशीत झोपलेली.

"पुतळे," मालू एकदम म्हणाली, "तो अंगठा कुनाचा गो?"

पुतळीनं दिशाच्या अंगावरचा पदर सारखा केला. "मेरा है, दिदी."

"काय?"

"माझाच हाय. दवाखान्यात घेतला. हात बांधलेला, सुई दिलेली. तो बोलला, दवाखान्याचा कागद हाय, अंगठा दे, नाय तर औषध नाय. मी दिला."

"आनि हे तू आता सांगतंस? मी तिथं गळा फाडून बोंबलत होतंय तेव्हा तोंडात काय मीठ धरलं होतंस?"

"तू विचारलं कुठं?" पुतळी म्हणाली. आवाज बारीक, पण शब्द सरळ. "तू बोलत होतीस. वकीलबाय बोलत होती. मना कोनी विचारलंच नाय."

मालूनं मांडीवरच्या पिशवीतली पुस्तिका चाचपली. दहा बायकांना तिनं दहादा शिकवलं होतं की कागदावर काय आहे ते आधी विचारा, आणि स्वतः मात्र ज्या बाईचा अंगठा होता तिलाच विचारलं नव्हतं. आपण नाकारलं असतं, कागद पुण्याला गेला असता, उत्तर आलं असतं, 'अंगठा हिचाच.' मग पुतळी कोर्टात खोटारडी ठरली असती आणि पुढचं तिचं एकही खरं कुणी ऐकलं नसतं. त्या वकिलाला हेच हवं होतं.

स्टँडवर उतरल्यावर तिनं पुतळीचा हात धरला. "चुकलं माझं," ती म्हणाली, आणि लगेच वर, "पन आता परत असं गप बसलीस तर बघ."

तिथूनच दोघी ऋतुजाबाईंच्या घरी. त्यांनी कपाळावर हात मारला, कच्चं लिहिलेलं फाडलं आणि कागदाची नकल टेबलावर पसरली. "म्हणजे अंगठा खरा, तारीख खोटी. जुना स्टॅम्प पेपर वापरलाय. पण सिद्ध कसं करायचं? दवाखान्यात अंगठा घेताना कुणी पाहिलं?"

"परदा लावलेला होता," पुतळी म्हणाली.

"मग तिचा शब्द आणि गुणाजी पंचाचा शब्द. कोर्ट कुणाचं ऐकेल?"

मालू त्या नकलेकडं बघत होती. झेरॉक्स असूनही अंगठ्याच्या रेषा एकीला एक लागून गोल गोल स्पष्ट दिसत होत्या. तिला आठवलं ते रेशन ऑफिस. सही यायच्या आधीची गोष्ट, ऐन मोसमातली. कारकून म्हणत होता, "बाई, नीट लावा." तिनं नीट लावला. काळा डाग. परत लावला. परत डाग. "तुझ्या हाताला रेषाच नाहीत गं, नशीब पुसून आलीस का?" रांगेतली माणसं हसली होती आणि तिनं शाईचं पॅड त्याच्या टेबलावर उलटं केलं होतं. महिनाभर रॉकेल मिळालं नव्हतं.

"वकीलबाय," ती म्हणाली, "एप्रिलात हिला अंगठाच नव्हता."

ऋतुजाबाईंनी वर पाहिलं.

"माझं डोकं ठिकानावर हाय. मिठागराचं पानी जसं आटत जातं तसं जास्त खारट होतं. डिसेंबरात उतरतो तेव्हा हात ठीक असतात. माघापासनं बोटं फुटतात, कातडं सोलतं. चैतात तर बोटांची टोकं अशी गुळगुळीत, जशी काय घासलेली थाळी. मिठागरातल्या कुठल्याबी बाईचा एप्रिलातला अंगठा बघा. डाग उठतो, रेषा नाय उठत. पावसात हात घरी बसले की परत येतात रेषा. आनि हा कागद बोलतो, नऊ एप्रिल! हा अंगठा नऊ एप्रिलचा नाय. हा ऑगस्टातलाच हाय. पावसातला."

ऋतुजाबाई खुर्चीतून उठल्याच. मग परत बसल्या. "हे मी कोर्टाला सांगितलं तर कोर्ट म्हणेल, आत्ता तिचा अंगठा घ्या. आणि आत्ता नोव्हेंबर येतोय. रेषा असणार."

"असनारच. म्हनून आत्ताचा नको." मालूच्या डोळ्यांत ती चमक आली जी बघून कारकून फायली शोधायला लागायचे. "दर शनवारी काळुराम मुकादम हजेरीच्या वहीवर अंगठा घेतो. डिसेंबर ते मे. पुतळीचा बी हाय. प्रत्येक शनवारी, तारखेसकट."

काळुराम मुकादमाचं घर खाडीच्या बांधाला लागून. माणूस वाईट नव्हता. पण गावकीच्या बैठकीत त्याला गुणाजीच्या डाव्या बाजूला जागा मिळायची आणि त्या जागेवर त्याचा फार जीव होता.

"वही?" तो म्हणाला. "कसली वही?"

"काळुरामा, मी तुझ्या वहीवर सही करतंय पाच वर्सं. मना विचारतंस कसली वही?"

"ती उंदरांनी खाल्ली."

"कुठल्या उंदरांनी? गुणाजीच्या?"

"मालूबाय, तुझं बरं हाय. तू एकदा वाळीत राहून आलीस, तुला सवय हाय. माझ्या पोरीचं लगीन हाय फाल्गुनात. गावानं पाठ फिरवली तर मांडव कोन घालंल? हळदीला कोन येईल?"

मालू स्वतः हे भोगून आली होती. वाळीत टाकलेल्या घरात मयत झालं तर खांदा द्यायला माणूस येत नाही, हे ठाऊक असलेल्या माणसाला भित्रा म्हणणं सोपं नसतं. ती उठली.

तेवढ्यात चुलीपासनं काळुरामची बायको कृष्णाबाई बाहेर आली, हाताला पीठ लागलेलं. "वही पेटीत हाय," ती म्हणाली. "माझ्या लुगड्यांच्या खाली."

"तू गप!"

"का गप? पोरीचं लगीन करतंव नव्हं? उद्या तिचा नवरा बी असाच कागद करून आला, तर तेव्हा कोनाची वही शोधत फिरशील? मांडव मी घालतंय. हळदीला मालू येईल, तिची सगळी टोळी येईल. पन्नास बाया पुरं नाय का?"

काळुराम उठला. मग आत गेला, पेटीचं झाकण वाजलं, आणि तो वही घेऊन आला. लाल कापडी पुठ्ठ्याची, मिठाच्या डागांनी कडक झालेली. "मी देतो नाय," तो म्हणाला. "कोर्टाचा कागद आन. समन्स आला की मी घेऊन येईन. गावाला सांगता येईल, सरकारनं बोलवलं."

"येवढं डोकं रोज चालव रं," मालू म्हणाली. पण त्या दिवशी तिनं काळुरामला पहिल्यांदाच मनात थोडा मान दिला.

नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तारीख लागली. रोह्याचं कोर्ट लहान, बाकं तीन, पंखा एकच चालू. निडीकडून गुणाजीनं जीप भरून माणसं आणलेली. ती मागं उभी. दिशाला सखानं बाहेर चिंचेखाली सांभाळलं होतं, कारण जीपमधली माणसं तिच्याकडं ज्या तऱ्हेनं बघत होती ते मालूला आवडलं नव्हतं. "पोरीचा हात सोडलास तर घरी येऊ नको," तिनं त्याला बजावलं होतं. सखानं दोन्ही हातांनी पोरीचा एक हात धरला होता.

साक्षीला गुणाजी आला. पांढरा सदरा, टोपी, आवाजात देवळातली घंटा. हो, फारकत आपल्या ओटीवर झाली. हो, ९ एप्रिल, दुपारी. हो, बाईनं खुशीनं अंगठा दिला.

ऋतुजाबाई शांतपणे विचारत होत्या. "बाई तेव्हा कुठं कामाला होत्या?"

"मिठागरात. सकाळचं काम करून आली. काम सकाळीच संपतं, मॅडम, दुपारी मोकळी असतात ती."

"अंगठा नीट उठला? की दोन-तीनदा घ्यावा लागला?"

गुणाजीला हा प्रश्न आवडला. आपण किती व्यवस्थित काम करतो हे सांगायची संधी होती. "एकदाच. मी स्वतः हात धुवायला लावला. पहिल्याच दणक्यात झक्क उठला. समोर हायच की."

मालूनं बाकाची कड घट्ट पकडली. तिला ओरडायचं होतं.

मग काळुराम आला, समन्स खिशात आणि वही काखेत. वही आपली आहे, अंगठे शनिवारी आपणच घेतो, एवढं त्यानं सांगितलं. गुणाजीकडं त्यानं एकदाही पाहिलं नाही.

शेवटी मालू पिंजऱ्यात उभी राहिली.

"शिक्षण?" गोविंदाच्या वकिलानं विचारलं.

"साक्षरता वर्ग. दोन पुस्तकं झाली, तिसरं मास्तरच आनायला विसरले."

"तुम्ही अंगठ्याच्या तज्ज्ञ आहात का?"

"नाय. मी मिठाची हाय. बत्तीस वर्सं."

"मग अंगठ्याबद्दल कोर्टाला काय सांगणार?"

"अंगठ्याबद्दल नाय सांगत, साहेब. मीठ अंगठ्याचं काय करतं ते सांगतंय. अंगठा हिचाच हाय, आमी नाय म्हनतच नाय."

वकिलाचा चष्मा पुसायचा हात थांबला. त्याची सगळी तयारी नकारावर होती.

मॅजिस्ट्रेट साहेब पुढं झुकले. वयस्कर माणूस, घाटावरचा, मिठागर त्यांनी एस.टी.च्या खिडकीतनंच पाहिलेलं असावं. "सांगा बाई," ते म्हणाले. मालूनं सांगितलं. जसं नव्या पोरीला कामावर आल्यावर सांगतात तसं. पाणी कधी घेतात, कधी आटतं, फळीनं मीठ ओढताना बोटं कशी भिजतात, कातडं कधी सुटतं, खोबरेल का चोळतात. साहेबांनी मध्ये दोनदा प्रश्न विचारले, तिनं दोनदा उत्तरं दिली. तिला साहेब आवडले. विचारत होते.

"आता वही बघा," ती म्हणाली.

साहेबांनी भिंग मागवलं. शिरस्तेदारानं ड्रॉवर उपसून कुठूनतरी एक काढलं. वही उघडली. पुतळीच्या नावापुढं शनिवारमागून शनिवार. डिसेंबर : रेषा स्पष्ट. जानेवारी : रेषा, पण मध्ये पांढऱ्या भेगा. फेब्रुवारी : भेगाच जास्त, कडेला थोड्या रेषा. मार्च : धुरकट. ६ एप्रिल : निळा डाग. १३ एप्रिल : निळा डाग. आणि त्या दोन डागांच्या बरोबर मध्ये ९ एप्रिल, जिथं गुणाजीच्या ओटीवर पहिल्याच दणक्यात झक्क अंगठा उठला होता.

साहेबांनी वहीतली आणखी चार नावं तपासली. सगळ्या बायकांचं तेच. डिसेंबरात माणसं, एप्रिलात डाग.

"शनिवारी रेषा नाहीत, मंगळवारी आल्या, पुढच्या शनिवारी परत गेल्या?" त्यांनी गोविंदाच्या वकिलाला विचारलं.

"सर, हात धुतला होता असं साक्षीदार..."

"वहीवर अंगठा देताना बायका हात धूत नाहीत का हो?" साहेबांनी मालूला विचारलं.

"धुतात की. मिठाच्या हाताला शाई चिकटतच नाय. धुवून चकाचक. पन कातडं कुठनं आननार?"

ऋतुजाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी दवाखान्यात दाखल केल्याची ऑगस्टची तारीख पुढं ठेवली आणि एकच वाक्य जास्त बोलल्या, "शिवाय सर, पुतळी ही गोविंदाची लग्नाची बायको, हे आम्हाला वेगळं सिद्ध करायला नको. त्यांच्याच फारकतीत ते कबूल आहे."

गोविंदानं चुलत्याकडं पाहिलं. चुलता टोपी नीट करत होता.

निकाल आठ दिवसांनी आला. कागदावरच्या तारखेवर विश्वास ठेवता येत नाही. पुतळी ही बायको. पोटगी मंजूर. दिशाचा ताबा सोडल्याचं त्या कागदाच्या आधारानं म्हणता येणार नाही, मुलगी आईपाशी आहे, तिथंच राहील. ऋतुजाबाईंनी एकेक ओळ सावकाश सांगितली आणि प्रत्येक ओळीनंतर पुतळीला विचारलं, "कळलं?" आता सगळ्या विचारायला शिकल्या होत्या.

व्हरांड्यात गुणाजी वाट अडवून उभा होता. ह्या खेपेला जीप नव्हती, तो आणि गोविंदा दोघंच. आवाजातली घंटाही नव्हती.

"हे बघ पोरी, झालं ते झालं. आमी वरच्या कोर्टात जाऊ, तारखा पडतील, तू दमशील. पोरगी आमच्या रक्ताची हाय. ती ठेव. तुला तुझ्या मुलखात जायचं तिकीट मी काढून देतंव, वर लुगडं-चोळी. मानानं जा."

मालूनं तोंड उघडलं. उत्तर तयारच होतं, एक नाही, चांगली चार. मग तिनं पुतळीकडं पाहिलं, आणि तोंड मिटलं. पोरीचा हात धरून मागं उभ्या असलेल्या सखानं नंतर गावभर सांगितलं की हे आपण ह्या डोळ्यांनी पाहिलं.

पुतळीनं दिशाला कडेवर घेतलं. मोडून जुळलेला खांदा अजून दुखायचा, तिनं पोर दुसऱ्या बाजूला घेतलं.

"काका," ती म्हणाली, "हळद लावली तेव्हा तुमी जेवलात. मना आठवतं, दोनदा भात घेतलात. तेव्हा मी गावाची सून होते. आता मुलखात जा बोलता. माझा मुलूख मना ठाऊक हाय, जायचं तेव्हा मी जाईन. पोरीला घेऊन जाईन, नायतर नाय जानार. तिकीट ठेवा. तुमच्या पुतन्याला लागंल."

"मला कशाला?" गोविंदा म्हणाला.

"मी आता पोलीस ठेसनात चालले. कोर्टानं लिवलंय, मी बायको हाय. तर बायकोला पाटानं मारलं, ते लिवून घ्यायला पायजे ना? आनि मागच्या वेळी विचारलं न्हवतं म्हनून सांगितलं नाय, रातचं तू खोलीत येऊन काय करायचास, ती अनिता झोपल्यावर. ते बी सांगनार हाय. वकीलबायला सगळं सांगितलं."

गोविंदाचा चेहरा पडला. मालूला ही गोष्ट नवी होती. तिनं ऋतुजाबाईंकडं पाहिलं. त्यांनी मान हलवली. पुतळीनं ते आपल्या वकिलाला सांगितलं होतं, वकिलाकडं सांगायचं असतं तसं, दार लावून. मालूला क्षणभर टोचलं, आपल्याला आधी का नाही सांगितलं म्हणून. मग छाती फुगली. बाई आपलं काम आपण करायला लागली, तर आणखी काय पाहिजे?

गुणाजी बाजूला झाला. झालाच. व्हरांडा लहान, पुतळी सरळ चालत आली.

रोह्याच्या पोलीस ठाण्यात 'घरात मिटवा' म्हणणारा तोच हवालदार होता. मालूबायची कीर्ती त्याच्यापर्यंतही पोचली असावी, त्यानं तिला पाहिलं आणि खुर्ची ओढली. मालू बसली नाही. खुर्ची तिनं पुतळीकडं सरकवली आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिली, दिशाला कडेवर घेऊन.

"नाव?" हवालदारानं विचारलं.

पुतळीनं आपलं पूर्ण नाव सांगितलं, तिकडच्या उच्चारानं, बापाच्या नावासकट.

"राहणार?"

"मिठागर, धरमतर."

हवालदारानं मालूकडं पाहिलं, लिहू का म्हणून.

"माझ्याकडं काय बघतंस?" मालू म्हणाली. "ती बोलतेय ना? लिव."